गरीब दिसणारं कासव आणि त्याच्या रक्ताची तपासणी



आपल्या भागात कासव दोन ठिकाणी भेटतं. एक देवळात, गाभाऱ्यासमोर फरशीत बसवलेलं दगडाचं. दुसरं पावसाळ्यात, नाल्याच्या काठी, शेताच्या धुऱ्यावर नाहीतर जुन्या विहिरीत. अलीकडे तिसरं ठिकाणही झालं आहे: दिवाणखान्यातली काचेची पेटी.

वर्गात सरपटणारे प्राणी शिकवायला घेतले की एखादा तरी हात वर होतोच. "सर, आमच्या मामाकडं कासव हाये." कसं आहे म्हणून विचारलं की उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. "लय गरीब हाये. एका जागी बसून राहते. काही तरास नाही त्याचा."

'गरीब' हा आपल्याकडे जनावरासाठी कौतुकाचा शब्द आहे. लाथ मारत नाही ती गाय गरीब. पण कासवाच्या बाबतीत जरा थांबायला हवं. एका जागी बसून राहणं, डोळे मिटलेले असणं, हात लावला तरी मान पटकन आत न घेणं, या गोष्टी पाहून पशुवैद्याच्या मनात पहिली शंका आजाराचीच येते. ज्या कासवाचं आपण कौतुक करतो ते कित्येकदा महिनोन् महिने आजारी असतं. ते ओरडत नाही, लंगडत नाही, फार वासही मारत नाही. मग कळायचं कसं? प्राणीसंग्रहालयात आणि बचाव केंद्रात यासाठी कासवाचं रक्त तपासतात. ते कसं काढतात, त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, हे आज पाहू. आठवीच्या विज्ञानात रक्ताचे घटक येतातच, तिथे हे सगळं छान जोडून घेता येतं.

आधी कायद्याचं

हे थोडक्यात सांगतो, पण टाळून चालणार नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे आणि त्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली. आपल्या विहिरी-नाल्यांत सापडणारं चामड्यासारख्या पाठीचं कासव आणि पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव, दोन्ही अनुसूची १ मध्ये आहेत. वाघाची अनुसूची तीच. अशा प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ वर्षं आणि ७ वर्षांपर्यंत कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड आहे. "कासव घरात असलं की पैसा येतो" असं म्हणून कोणी स्टार कासव आणलं असेल तर त्यानं ही ओळ दोनदा वाचावी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातल्या एकाच व्यापार-केंद्रातून वर्षभरात किमान ५५ हजार स्टार कासवं पकडून नेली जात होती. त्यातलंच एखादं फिरत फिरत मामाच्या घरी येतं.

काचेच्या पेटीत असतं ते बहुधा रेड-इअर्ड स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं अमेरिकेतलं कासव. विकत घेताना रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंच मोठं असतं, पुढे पाठ पाऊण फुटाच्या वर जाते आणि ते वीस-तीस वर्षं सहज जगतं. दुकानदार हे सांगत नाही, आणि घेणाराही विचारत नाही.

कासव आजार का लपवतं?

मुद्दाम लपवत नाही, त्याचं शरीरच तसं आहे. कासव थंड रक्ताचं, म्हणजे शरीर गरम ठेवायला ते अन्न जाळत बसत नाही, ऊन-सावलीवर भागवतं. त्यामुळे त्याचा सगळा कारभार संथ. आपण दोन दिवस उपाशी राहिलो तर चेहऱ्यावर दिसतं. कासव आठवडे काढतं आणि काही दिसत नाही. जंतुसंसर्ग झाला तरी माणसासारखा ताप चढत नाही. बरगड्या पाठीच्या कवचाशी जुळलेल्या असल्यामुळे छाती धापताना दिसत नाही. खंगलं तरी हाडं वर येत नाहीत, कारण सगळं कवचाखाली झाकलेलं.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. कवच म्हणजे कासवानं अंगावर घातलेली ढाल नव्हे. ते पन्नासहून अधिक हाडांचं आहे आणि त्यात पाठीचा कणाही आला. त्यात रक्तवाहिन्या आहेत, नसा आहेत. कवचाला भोक पाडून दोरी बांधली तर कासवाला ते दुखतं.

सुईआधी डोळे आणि वजनकाटा

चांगला डॉक्टर कासवाला हात लावण्याआधी ते लांबून पाहतो. चालताना पोट जमिनीवरून उचलतं का? चारही पाय सारखे टेकवतं का? पाण्यातलं असेल तर सरळ पोहतं का? एका अंगावर कललेलं, बुडी मारता न येणारं कासव दिसलं की फुप्फुसाच्या संसर्गाची शंका येते. नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास, मान पुढे ताणणं, हीसुद्धा तीच खूण.

मग डोळे. सुजलेल्या, चिकटलेल्या पापण्या हे पेटीतल्या लहान स्लायडरचं नेहमीचं दुखणं. नुसत्या वाळलेल्या झिंग्यांवर ठेवलेल्या पिल्लांत 'अ' जीवनसत्त्व कमी पडतं आणि पापण्या सुजतात. पालक त्यात डोळ्याचे थेंब टाकत राहतात. खरं कारण ताटात असतं.

मग कवच. टणक हवं तिथे मऊ लागतंय का? उंचवटे आलेत का? कॅल्शियम हाडात बसायला 'ड' जीवनसत्त्व लागतं आणि ते तयार व्हायला सूर्यप्रकाशातले अतिनील किरण लागतात. ते साध्या काचेतून पार होत नाहीत. "सर, पेटी खिडकीतच ठेवली हाये, ऊन लागते" असं म्हणणाऱ्यांसाठी हे सांगतोय. काचेतून ऊब येते, पण त्या किरणांचा उपयोग होत नाही. (मात्र आपल्या विहिरीतल्या कासवाची पाठ कडेला मुळातच मऊ, चामड्यासारखी असते. तिला आजार समजू नका.)

आणि वजन. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी वापरली जाणारी तपासणी. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. लांबी मोजायला दोन जाड पुस्तकं उभी धरायची, मध्ये कासव, आणि पुस्तकांमधलं अंतर पट्टीनं मोजायचं. युरोपातल्या जमिनीवरच्या दोन जातींसाठी ऑलिफंट जॅक्सन या पशुवैद्यानं १९८० मध्ये लांबी आणि वजन यांचा आलेखच काढला. अंगणवाडीत बाळाची वाढ ज्या तक्त्यावर टिपतात, तसाच. पण तो त्या दोन जातींचा. स्टार कासवाला लावला तर चुकीचं उत्तर येतं. जात बदलली की मोजपट्टी बदलते, हे ध्यानात ठेवा. पुढे रक्तातही हेच येणार आहे.

रक्त काढायचं कुठून?

मुलं हा प्रश्न विचारतातच. सगळं अंग कवचात, मग शीर कुठे? जागा चार-पाच आहेत. मानेची शीर सर्वांत चांगली, पण त्यासाठी कासवाची मान बाहेर काढून धरावी लागते आणि ताकदवान कासवाची मान धरणं सोपं काम नाही. मानेच्या वर, कवचाच्या पुढच्या कडेखाली एक जागा आहे. मान आत असतानाही तिथे सुई पोचते. याशिवाय पुढच्या पायाची आणि शेपटीच्या वरच्या बाजूची शीर. समुद्री कासवांत मानेच्या मागून, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना.

अडचण अशी की कासवात या शिरांच्या शेजारून लसिकेच्या, म्हणजे पाण्यासारख्या पातळ द्रवाच्या, वाहिन्या जातात. सुई किंचित सरकली की सिरिंजमध्ये रक्ताबरोबर लसिकाही येते. रंग थोडा फिका दिसतो इतकंच. वरणात दोन पेले पाणी पडावं तसं होतं. डाळ तेवढीच, पण पळीत कमी येते. अहवालात लाल पेशी कमी दिसतात आणि धडधाकट कासव अशक्त ठरतं. शेपटीतून आणि कवचाखालून काढलेल्या रक्तात हे जास्त होतं, मानेच्या शिरेत सर्वांत कमी. म्हणून रक्त कुठून काढलं हे कागदावर लिहिलेलं नसेल, तर तो अहवाल अर्धाच समजावा.

किती काढायचं याचा हिशेब पाचवीच्या मुलांनाही देता येईल. कासवाच्या अंगात वजनाच्या साधारण ५ ते ८ टक्के रक्त असतं. त्यातलं एक दशांश काढलं तर निरोगी कासवाला चालतं. अर्धा किलोच्या कासवात रक्त किती? ५ टक्के धरले तर २५ ग्रॅम, म्हणजे ढोबळमानानं २५ मिलिलिटर. त्याचा दहावा भाग अडीच मिलिलिटर. अर्धा चमचा! आजारी असेल तर त्याहून कमी. आणि ५० ग्रॅमचं पिल्लू असेल तर पाव मिलिलिटर, पाच-सहा थेंब. एवढ्यात सगळ्या तपासण्या बसवायच्या. म्हणून काय तपासायचं ते आधी ठरवून मगच सुई लावतात.

मशीन इथे चुकतं

आता गंमत बघा. माणसाचं रक्त लॅबमध्ये दिलं की मशीन मिनिटभरात पेशी मोजून कागद देतं. कासवाचं रक्त त्याच मशीनमध्ये घातलं तर आकडे भलतेच येतात.

कारण शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. आपल्या तांबड्या पेशी गोल, मध्ये खोलगट, आणि त्यांना केंद्रक नसतं. हे आपण पाठ करून घेतो. पण ही सवय सस्तन प्राण्यांची. कासव, पाल, कोंबडी, बेडूक, मासा, यांच्या तांबड्या पेशी लंबगोल असतात आणि मधोमध ठळक केंद्रक असतं. मशीन केंद्रक दिसलं की पांढरी पेशी समजतं. शिवाय रक्त गोठवण्याचं काम आपल्याकडे रक्तपट्टिका करतात. कासवात त्या कामाच्या पेशींनाही केंद्रक असतं आणि त्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींसारख्या दिसतात. अनुभवी माणसालाही दोन्ही वेगळं ओळखताना नजर रोखून बघावं लागतं.

म्हणून कासवाच्या रक्तपेशी आजही माणूस मोजतो. काचेवर आखलेल्या बारीक चौकटी, त्यावर पातळ केलेलं रक्त, आणि एक एक चौकट मोजत जायचं. यासाठी वापरतात ते रंगद्रव्य नॅट आणि हेरिक यांनी १९५२ मध्ये कोंबडीच्या रक्तासाठी तयार केलं होतं. कोंबडीचं औषध कासवाला लागू पडलं, कारण दोघांच्या पेशी एकाच घराण्यातल्या. आपल्या प्रयोगशाळेत बेडकाच्या रक्ताची तयार काचपट्टी असते. शेजारी माणसाच्या रक्ताची ठेवा आणि मुलांना दोन्ही चित्रं काढायला लावा. फळ्यावर तासभर बोलण्यापेक्षा ते बरं.

रक्त कोणत्या नळीत घ्यायचं तिथेही घोळ आहे. माणसाच्या पेशी मोजायला जांभळ्या टोपणाची नळी वापरतात, तिच्यात ईडीटीए असतं. कासवांच्या बऱ्याच जातींत ईडीटीएनं तांबड्या पेशी फुटतात. म्हणून हिरव्या टोपणाची, लिथियम हेपॅरिनची नळी घेतात. पण हेपॅरिन असलेल्या रक्ताची काचपट्टी रंगवली की निळसर झाक येते, म्हणून काचपट्टी मात्र सुईतल्या ताज्या थेंबाचीच करायची. चार गोष्टींतली एक चुकली तरी वाया जातं ते त्या पाव मिलिलिटरमधलंच रक्त.

आकडा वाचायचा कसा

शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा हिमोग्लोबिन मोजतात. मुलीचं ९ आलं की आपल्याला कळतं, रक्त कमी आहे. का कळतं? हजारो निरोगी मुलींचं मोजून सीमा आधीच ठरवलेली आहे म्हणून. कासवात प्रत्येक जातीची सीमा वेगळी लागते. अशी सीमा नीट ठरवायला निदान १२० निरोगी जनावरं हवीत, असं प्राण्यांच्या प्रयोगशाळांचं शास्त्र सांगतं. दुर्मीळ कासवाच्या जातीत एवढी निरोगी जनावरं आणायची कुठून? त्यामुळे पुष्कळदा हाताशी असतो तो वीस-तीस कासवांवरचा अंदाज, तोही दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या ऋतूतल्या.

तरी काही गोष्टी नीट कळतात. बारीक काचनळीत रक्त भरून ती गरगर फिरवली की पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. पेशींचा थर एकूण उंचीच्या किती टक्के, याला पीसीव्ही म्हणतात. बहुतेक सरपटणाऱ्या प्राण्यांत तो २० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान असतो. १० आला तर सरळच आहे, रक्तक्षय.

पण २८ आला तर? सगळं ठीक? इथेच फसगत होते. मघाचं वरण पुन्हा आठवा. पाणी घातलं की पातळ होतं, तसं चुलीवर जास्त वेळ राहिलं की आटतं आणि डाळ भरपूर दिसते. पेटीत पाण्याविना सुकलेल्या कासवाचं रक्त असंच आटलेलं असतं. मुळात पेशी कमी, पण पाणीही कमी, म्हणून टक्केवारी बरोबर येते. डॉक्टर सलाइन देतो, दोन दिवसांनी पुन्हा मोजतो आणि आकडा १५ वर येतो. औषधानं बिघडलं असं घरच्यांना वाटतं. खरं तर लपलेला रक्तक्षय आता दिसला. म्हणून एकटा पीसीव्ही कधी वाचत नाहीत, सोबत रक्तातली प्रथिनं पाहतात. रक्त आटलं असेल तर बहुधा तीही वाढलेली दिसतात. शिवाय कासवाच्या तांबड्या पेशी फार टिकाऊ असतात. आपल्या साधारण १२० दिवस टिकतात, तर काही कासवांत दीड-दोन वर्षं. त्यामुळे रक्त कमी झालं की भरून यायलाही वेळ लागतो. आठवड्याच्या औषधानं कासव बरं झालं असं कोणी सांगितलं तर जरा सावधच राहा.

मूत्रपिंडाचं बघू. माणसात युरिया आणि क्रिएटिनिन तपासतात. जमिनीवरचं कासव मात्र पाणी वाचवण्यासाठी टाकाऊ नायट्रोजन यूरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतं. पालीच्या विष्ठेला लागलेला पांढरा ठिपका मुलांनी पाहिलेला असतोच, तोच पदार्थ. त्यामुळे क्रिएटिनिनचा कासवात फारसा उपयोग नाही, यूरिक आम्ल बघायचं. आणि तेही उशिरा बोलतं. मूत्रपिंडाचा बराच मोठा भाग निकामी झाल्यावरच ते चढतं. म्हणजे यूरिक आम्ल वाढलेलं दिसलं तर काळजी करायची, पण नॉर्मल दिसलं म्हणून निश्चिंत व्हायचं नाही.

कॅल्शियमची गोष्ट मला सर्वांत आवडते. एका कासवाचं कॅल्शियम नेहमीच्या दुप्पट आलं. आजार? आधी विचारायचं, नर की मादी? अंडी धरलेल्या मादीच्या रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही खूप वाढतात, कारण अंड्याचा बलक आणि कवच तयार व्हायचं असतं. आजारासारखा दिसणारा तो आकडा बाळंतपणाचा असतो. उलट, ज्याची हाडं मऊ पडली आहेत त्या पिल्लाच्या रक्तात कॅल्शियम अगदी बरोबर येऊ शकतं. शरीर हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणतं आणि तिथली पातळी सांभाळतं. घरातलं सोनं मोडून दुकानाचा गल्ला भरलेला दाखवावा, तसं. अशा वेळी गल्ला न बघता तिजोरी बघावी लागते, म्हणजे एक्स-रे काढावा लागतो. कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त झाला असेल तर मूत्रपिंडाकडे बोट जातं.

आणखी दोन नावं अहवालात असतात, एएसटी आणि सीके. एएसटी यकृतातून येतं, स्नायूतूनही येतं. सीके स्नायूतूनच. दोन्ही वाढले तर दुखापत झाली असेल, किंवा रक्त काढताना कासवानं फार झटापट केली असेल, किंवा सुई स्नायूत टोचली असेल. एएसटी एकटंच वाढलं तर यकृताची शंका. शिकवताना तर्काचा नमुना म्हणून हे उदाहरण फार चांगलं आहे. एकाच खुणेची दोन कारणं असतील तर दुसरी खूण शोधायची.

या सगळ्याच्या वर ऋतू. वाशिमच्या मे महिन्यातलं कासव आणि डिसेंबरच्या थंडीतलं कासव यांच्या पांढऱ्या पेशींची संख्या वेगळी येते. तापमान, अंड्यांचा हंगाम, झोपेचा काळ, सगळं रक्तात उतरतं. म्हणून सर्वांत भरवशाची तुलना त्याच कासवाच्या मागच्या अहवालाशी.

रक्त जे सांगत नाही

पालकांनी हा भाग नक्की वाचावा. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या आतड्यात साल्मोनेला हे जंतू असू शकतात. कासवाला त्यांचा काही त्रास नसतो, रक्ताच्या अहवालात काही दिसत नाही. विष्ठा तपासली तरी ते रोज सापडतील असं नाही, कारण ते अधूनमधून बाहेर पडतात. लहान मूल कासवाला हाताळून तोच हात तोंडात घालतं आणि जुलाब-ताप सुरू होतो. अमेरिकेत याच कारणानं १९७५ पासून चार इंचांहून लहान पाठीची कासवं विकायला बंदी आहे. छोटं कासव मुलं तोंडाला लावतात, हे तिथल्या सरकारनं हेरलं होतं. पेटीचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नये, आणि हात साबणानं धुवावेत.

डहाणूपासून मोहावेपर्यंत

आपल्या राज्यात कासवांवर उपचार होतात त्यातलं माहितीतलं ठिकाण म्हणजे पालघर जिल्ह्यातलं डहाणू. तिथे वन विभाग आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन ही संस्था मिळून समुद्री कासवांचं केंद्र चालवतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की जखमी कासवं किनाऱ्याला लागतात. ऑलिव्ह रिडले जास्त, हिरवी आणि चोचीची कासवंही. कोणाचा वल्ह्यासारखा पाय जाळ्यात अडकून तुटलेला, कोणी पाण्यावर नुसतं तरंगतंय, बुडी मारता येत नाही. अशा कासवाला हौदात ठेवायचं, खाऊ घालायचं, आणि एक दिवस ठरवायचं की आता समुद्रात सोडायला हरकत नाही. तो दिवस ठरवणं हेच सर्वांत अवघड काम. जखम भरलेली दिसते, पण आतलं काय?

जप्त केलेल्या स्टार कासवांच्या बाबतीत प्रश्न आणखी वाढतो. तिथे एका जनावराचा जीव असतो आणि सोबत आख्ख्या जंगलातल्या कासवांचाही. अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटात हे घडून गेलंय. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या रानकासवांत श्वसनाचा आजार दिसला, नाक गळायचं, पापण्या सुजायच्या, कासवं मरायची. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू त्यामागे निघाला. लोकांनी पाळून कंटाळून सोडून दिलेल्या कासवांनी तो पसरवायला हातभार लावला असावा, असं अभ्यासकांना वाटतं. १९९० मध्ये ते कासव तिथे संकटग्रस्त म्हणून नोंदलं गेलं. तेव्हापासून रक्तातली प्रतिपिंडं तपासण्याची चाचणी तिथे वापरतात. प्रतिपिंडं दिसली म्हणजे कासवाची त्या जंतूशी गाठ पडून गेली आहे. पण संसर्ग ताजा असेल तर प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून एकदा 'नाही' आलं तरी वेगळं ठेवून पुन्हा तपासावं लागतं. सोडण्याआधी रोगतपासणी करावी असं आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात.

आपल्या गावात

कायद्याची भीती वाटली की लोक काय करतात ते आपल्याला माहीत आहे. रात्री पिशवीत घालून तलावात नाहीतर धरणात सोडून येतात आणि पुण्य केलं असं समजतात. स्लायडर असं सोडलं तर ते आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हात बसायची जागा बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत ते आहे. स्टार कासव तर पोहतच नाही, खोल पाण्यात टाकलं तर बुडतं. आणि दोघांनीही पेटीतला आजार सोबत नेला असेल तर तो विहिरीपर्यंत पोचायला एक पावसाळा पुरतो.

त्यापेक्षा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आपल्याला वाशिमचं वन कार्यालय जवळ आहे. अकोल्याला पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था आहे, नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि गोरेवाड्याचं वन्यप्राणी बचाव केंद्र आहे. विहिरीत किंवा शेतात धडधाकट कासव दिसलं तर ते त्याच्याच घरी आहे, उचलू नका. जखमी असेल तर हवेशीर खोक्यात, खाली ओलसर गोणपाट घालून सावलीत ठेवा. बादलीभर पाण्यात टाकू नका. दूध, पोळी, भात काही देऊ नका. उन्हाळ्यात जमिनीवरच्या कासवाला उगाच पुन्हा पुन्हा उचलू नका, घाबरून ते साठवलेलं मूत्र सोडतं आणि तेच त्याचं राखीव पाणी असतं.

आणि सोबत एक चिठ्ठी द्या. कुठे सापडलं किंवा कुठून आणलं, किती दिवस घरात होतं, काय खाऊ घातलं, ऊन मिळत होतं की नाही, शेवटचं कधी खाल्लं, जुनं वजन माहीत असेल तर तेही. मुलांकडूनच लिहून घ्या, ती खरं लिहितात. रक्ताचा अहवाल हातात आल्यावर डॉक्टर त्याच्या शेजारी हीच चिठ्ठी ठेवून वाचतो.